ग्रहावरची ओल

अंटार्क्टिकाच्या उंच पठारावरच्या त्या वेधशाळेत ओलाव्याला बंदी होती. बाहेरची हवा इतकी गार, की तिच्यात बाष्प टिकतच नसे, आणि म्हणूनच दुर्बीण तिथं नेली होती. ऊब असलेली प्रत्येक वस्तू अवरक्त किरण सोडते, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उष्णतेचा उजेड. पण आपल्या हवेतलं बाष्प तो वाटेतच गिळून टाकतं. त्या कोरड्या आकाशातून मात्र दूरच्या ग्रहाच्या हवेत पाणी आहे की नाही, तेही कळे.

स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या दाभोळच्या इंदुमती खातूंच्या, म्हणजे सगळ्यांच्या खातूकाकूंच्या, जिवाला याच पाण्यानं घोर लावला होता. एका ग्रहावर पाण्याची खूण दोनदा मिळाली होती. तिसऱ्यांदा मिळाली की पहिलं वसाहत-यान तिकडे निघणार होतं, आणि कधीच न परतणाऱ्या त्या यानासाठी त्यांची लेक केतकी निवडली गेली होती. पोरगी हरखून गेली होती. काकू फोनवर तिचं कौतुक करत आणि फोन ठेवला की बाहीनं डोळे पुसत.

हा ग्रह महिन्यातून एकदा आपल्या ताऱ्यासमोरून जाई. वेध घ्यायचा तो तेवढ्यातच. तिसरा वेध संपला आणि खगोलज्ञ शार्दूल अवचट पडलेल्या चेहऱ्यानं स्वयंपाकघरात आला. पाण्याचा मागमूसही नव्हता. त्यानं सगळी यंत्रं तपासली होती, आता माणसांना विचारत फिरत होता.

"काकू, आज इथं काही वेगळं केलंत?"

"केलं नाहीच रे. आज संकष्टी, पण मोदक उकडायला हातच उचलेना. गूळखोबऱ्यावर भागवलं."

"आणि मागच्या दोन संकष्ट्यांना? तेव्हाही वेध होते."

काकूंची नजर दुर्बिणीच्या बाजूला उघडणाऱ्या भिंतीतल्या झडपेकडे गेली. हिवाळ्यात इथला चंद्र दिवसच्या दिवस मावळत नसे, म्हणून त्या दाभोळच्या चंद्रोदयाला उपास सोडत, आणि त्याआधी मोदकपात्र चढवत. वाफेनं चष्मा धुरकटला की झडप किलकिली करायची. नियमात बसत नव्हतं, पण एवढ्याशा वाफेनं काय होणार, असं त्यांना वाटे.

शार्दूलनं दुर्बीण एका ग्रह नसलेल्या ताऱ्याकडे वळवली आणि काकूंना झडप उघडी ठेवून मोदक उकडायला लावले. त्या ताऱ्याभोवतीही पाणी दिसू लागलं. त्यानं मागचे दोन्ही वेध खोडून टाकले.

"काकू, यान निघालं असतं, तर पोरं कोरड्या खडकावर तहानेनं गेली असती."

काकूंना रडू आवरेना, आणि ते आनंदाचं आहे हे त्यांनी लपवलंही नाही. लेक वाचली होती, आणि राहणारही होती.

केतकीनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असू दे, आई. पुढच्या महिन्यात दुसरा ग्रह बघणार आहेत."

काकूंनी झडप घट्ट लावून घेतली. वाफेनं नसलेलं पाणी दाखवलं होतं. असलेलं लपवायला मात्र त्यांच्या स्वयंपाकघरात काहीच नव्हतं.