हसनच्या वाटणीचं पाणी

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय.

आणि रात्री-बेरात्री नाही हं... भर दुपारी. गेल्या सर्वपित्री अमावास्येला, इथे परदेशात, वॉलॉंगॉंगमध्ये, माझा मित्र सारंग पाथरीकर याच्या बॅकयार्डात.

ज्यांच्यावर बेतलं ते सारंगचे वडील, मुरलीधरकाका. पुण्यात शाळेत इतिहास शिकवायचे, आता लेकाकडे इथेच असतात. त्यांना एक गोष्ट सांगायची भारी हौस. कोणी घरी आलं की सुटका नाही.

"अहो, नगरचे निजामशहा म्हणजे आमचे भाऊबंद! पाथरीच्या कुलकर्ण्यांचा तिमाजी लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, त्याचा हसन झाला. त्याच्या मुलाने नगरला राज्य उभं केलं. आणि पुढे त्याच घराण्याने वऱ्हाडच्या सीमेवरच्या पाथरीसाठी लढाया केल्या. का? तर वाडवडिलांचं गाव!"

शेवटी काका म्हणायचे, "पोराने एवढं राज्य उभं केलं हो... पण घरच्यांनी पाणी दिलं नसेल त्याला."

हे ऐकलं की विमलकाकू गुपचूप उठून किचनमध्ये जायच्या.

कारण काकांची स्वतःची लेक, मयूरा, इथून लांब डँडेनॉन्गला राहायची. इम्रानशी लग्न केलं, मुसलमान झाली, मयूराची मरियम झाली. काका फोनवर एवढंच म्हणाले होते, "माझ्यासाठी तू मेलीस." तेव्हापासून घरात तिचं नाव काढायचं नाही. सारंग एकदा भडकला, "बाबा, पाचशे वर्षांपूर्वीचा हसन चालतो, आपली मयू चालत नाही?"

काका भरल्या ताटावरून उठले.

तर त्या अमावास्येला काकांनी ठरवलं, यंदा हसनलाही तर्पण करायचं. सारंग हॉस्पिटलमध्ये शिफ्टला. काकू आत खिरीला उकळी आणत होत्या. काका बॅकयार्डात दक्षिणेकडे तोंड करून बसले. जानवं उजव्या खांद्यावर. समोर तांब्याचं तामण.

बाप, आजा, पणजा... सगळ्यांना पाणी देऊन झालं. मग हसनची पाळी.

आणि काका अडले.

म्हणायचं काय? तिमाजी, की हसन? गोत्राला जोडायचं कोणतं नाव? इतिहासाचे मास्तर, पण हा प्रश्न कधी पडलाच नव्हता त्यांना. शेवटी नाव गाळून ते म्हणाले, "आमच्या घरात जन्मून परधर्मात गेलं, ज्याला आम्ही पाणी दिलं नाही, त्याला हे पाणी."

आणि अंगठ्याच्या बाजूने हात कलता केला.

झाडावर मॅगपाय पक्षी ओरडत होते, ते गप्प झाले.

घरामागच्या रुळांवरून ट्रेन गेली... पण तिचा आवाजच आला नाही.

मग अगदी जवळ... कोणीतरी घोट घेतला.

काकांनी खाली पाहिलं. आत्तापर्यंतचं सगळं पाणी तामणात साचलं होतं ना? गेलं होतं. तळाला फक्त काळे तीळ.

"अगं, तू आलीस का इथे?"

"नाही हो!" काकू आतूनच म्हणाल्या. "का?"

काकांनी पुन्हा ओंजळ सोडली. "तिमाजी..." पाणी तसंच राहिलं. "हसन..." तसंच.

मग पुन्हा तेच शब्द. आमच्या घरात जन्मून...

घोट... घोट... घोट.

खूप तहान लागलेलं माणूस पितं ना, तसं.

या वेळी तामण पूर्ण रिकामं झालं नाही. तळाशी एक घोट उरला.

काका त्या घोटाकडे बघत राहिले. मयूरा लहानपणापासून पेल्यात एक घोट ठेवायचीच. कितीही तहान लागो. ते रागावायचे, "पाणी टाकतेस काय गं?" तर म्हणायची, "टाकलं नाही काही. तुमच्यासाठी ठेवलंय, बाबा."

तर्पण गेलेल्यांनाच करतात... हे त्यांना वेगळं सांगायला नको होतं.

"विमल!" ते ओरडले. "मयूला फोन लाव! आधी फोन लाव मयूला!"

इतक्या वर्षांनी नाव घेतलं. काकूंच्या हातातली पळीच पडली.

फोन इम्रानने उचलला. तो रडत होता. "अंकल... मैं आप ही को कॉल करने वाला था."

बरेच महिने आजारी होती पोर. कोणाला कळू दिलं नाही. "बाबांनी आधीच धरलंय मला मेलेलं, परत कशाला त्रास," म्हणायची. शेवटी डॉक्टरांनी तोंडावाटे पाणी देणंही बंद केलं होतं.

"सुबह से पानी माँग रही थी, अंकल. फिर अभी... एकदम शांत हो गई. मराठी में कुछ बोली, 'मिळालं'... और चली गई."

काकांच्या हातून फोन गळला.

आता काका निजामशाहीची गोष्ट कोणाला सांगत नाहीत. दर अमावास्येला बॅकयार्डात बसतात. मी एकदा स्वतः पाहिलंय. आधी "मरियम" म्हणून पाणी सोडलं. मग "मयूरा" म्हणून. मग नुसतंच, "बाळा, घे ना गं."

तामण भरलेलं ते भरलेलंच.

काकू हाक मारतात, "अहो, चला आत, ऊन झालंय." काका हलत नाहीत. मी जायला निघालो तेव्हा म्हणाले, "सावकाश दार लाव रे. ती पीत असेल तर दचकेल."

मी दार लावलंच नाही. तसंच उघडं टाकून आलो.