सात नंबरच्या पिंजऱ्याचं कार्ड

मंगळवारी मी पिंजऱ्यांतला भुसा तपासते. बोटांना ओल लागली की समजायचं, साखर चढली. उंदीर पाणी पीत राहतो आणि सगळं भुशात सोडतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या या जातीत मधुमेह रक्तातूनच येतो, माद्यांना जास्त. तरी हुबेहूब सारख्या बहिणींतून एखादी सुटते. का, ते साहेबांनाही ठाऊक नाही. माझा भाऊ नवव्या वर्षी याच आजारानं गेला. मी सुटले. माझी लेक चार वर्षांची आहे.

सात नंबरच्या पिंजऱ्यात पाच नव्या बहिणी आल्या, तेव्हा कार्डावर त्यांच्या जन्मतारखेच्या जागी मी लेकीची तारीख लिहून बसले.

“अगं, चार वर्षांची उंदरीण? हिला शाळेत घाल!” मोठ्या बाई म्हणाल्या. दोघी हसलो. कार्ड बदलायचं राहून गेलं.

पुढच्या मंगळवारी तिथला भुसा चिंब, बाटली रिकामी. पाचही शेपट्यांतून रक्ताचा थेंब घेतला. साखर नॉर्मल. बाटली बदलली, पिंजरा बदलला. तेच.

“भूतबित पीत असेल,” बाई म्हणाल्या. या वेळी हसल्या नाहीत.

असे पाच आठवडे गेले. मग वरून तपासणी येणार म्हणून मी ती तारीख खोडून खरी लिहिली.

दुसऱ्या दिवशी भुसा कोरडा होता.

त्याच संध्याकाळी लेकीनं पाणी मागितलं. परत मागितलं. मग बाथरूममध्ये जाऊन बादलीलाच तोंड लावलं. मी पर्समधून लघवी तपासायची पट्टी काढली.

“पोरगी आहे ती, उंदीर नाही,” नवरा ओरडला. पट्टीचा रंग बघून तिला उचलून दवाखान्यात पळाला.

आता दिवसाला चार सुया. दर वेळी ती विचारते, “आई, मी काय केलं?”

सोमवारी त्या पाचजणींची स्वादुपिंडं काढायची पाळी आली. मीच काढली, आणि मेलेल्या पाचजणींना फ्रीजरमध्ये ठेवलं. मग रिकाम्या पिंजऱ्याला भरलेली बाटली लावली, लेकीच्या तारखेचं कार्ड अडकवलं. शिकलेली बाई मी. तरी लावलं.

सकाळी बाटली रिकामी होती. भुसा कोरडा.

घरी आले. लेकीनं पाणी मागितलं नाही. मीच पेला पुढं केला.

“प्यायले ना, त्या पाचजणींबरोबर.”

“कोण पाचजणी?”

“त्या गं. पण तिथं खूप थंडी आहे.”

मी तिला जवळ ओढलं. तिच्या पापण्यांवर बारीक बर्फ साचला होता.