कोवळा आहे का बघू

दुधी कडू निघाला, हे मंगळावर सुरुवातीला कोणी मनावर घेतलं नाही. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सबनीसवहिनींच्या हाताचा गुण असेल, असं समजून वसाहतीने सभ्यपणे मौन पाळलं. मग चौघं जण दुधीचा रस पिऊन दवाखान्यात आडवे झाले. पुढचं यान यायला अजून वर्ष होतं. सामायिक हरितगृह गेलं, तर खायला उरणार होती सोयाबीनची पावडर आणि पृथ्वीवरून येणारी आश्वासनं.

म्हणून रेवती हळबे, वसाहतीची वनस्पतिशास्त्रज्ञ, आज हरितगृहातल्या दुधीच्या मांडवाखाली उभी होती. शेजारी डॉ. जयसिंग घोरपडे, कीटकतज्ज्ञ. मंगळावर त्यांची जागा भरली होती, कीटक आणायचे राहिले होते.

"ही खूण बघा," घोरपडे भिंगातून बघत म्हणाले. दुधीच्या सालीवर बारीकशी चंद्रकोर होती. "प्रत्येक फळावर आहे. किडा मात्र औषधालाही नाही."

"पण कडू कशाने होतो?" वसाहतीचे अध्यक्ष दामोदर सबनीस यांनी विचारलं.

"घाव बसला की वेल एक वास सोडते. गंधसंदेश म्हणू या," रेवती म्हणाली. "शेजारणींना तो कळतो, आणि खाणाऱ्याला अद्दल घडावी म्हणून त्याही आपल्या फळांत विष भरतात. पृथ्वीवर वारा तो वास उडवून नेतो. इथली हवा बंद. एकीने बोंब मारली की अख्खा मांडव कडू."

"मग?"

"आज सकाळपासून रखवालदाराला तो वास ओळखता येतो." रखवालदार म्हणजे हरितगृह सांभाळणारं यंत्र. "कोणाच्या स्पर्शाने गंधसंदेश सुटला ते तो बघेल, दार लावेल आणि आतला प्राणवायू काढून घेईल. वेली थोडा वेळ तग धरतात. कीड गुदमरते."

"आणि ते मध्येच कोणालाही थांबवता येणार नाही, हा ठराव माझा," सबनीस छाती काढून म्हणाले. "नाहीतर लोक धुरी चालू असतानाही कोथिंबीर न्यायला येतात." बोलता बोलता त्यांनी समोरचा दुधी हातात घेतला आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या भाजीबाजाराला स्मरून त्याला अंगठ्याचं नख लावलं.

"कोवळा आहे," ते म्हणाले.

दार बंद झालं.

"कीड सापडली," रखवालदार म्हणाला. "जात एक. नग तीन."

"अरे, मी अध्यक्ष आहे!"

"नोंद घेतली."

छतातले पंखे उलटे फिरू लागले. रेवतीने दार ओढून पाहिलं. ते हललं नाही. घोरपड्यांनी सबनीसांचा अंगठा भिंगाखाली धरला, मग दुधीवरची चंद्रकोर. "जुळतंय," ते म्हणाले. मग खालच्या आवाजात, "परवा मीपण लावलं होतं. सगळेच लावतात हो, येता-जाता."

दुधीला लावलेलं नख आता तिघांच्या गळ्याला लागलं होतं. रेवतीच्या कानांत गुणगुण सुरू झाली.

"रखवालदार," ती धापा टाकत म्हणाली, "कीड म्हणजे काय?"

"जिच्या स्पर्शाने गंधसंदेश सुटतो ती."

"आणि सुटला नाही तर?"

"ती कीड नव्हे."

तिने फळं तोडायची कात्री सबनीसांच्या हातात कोंबली. "नखं कापा."

"आज शनिवार आहे."

"मंगळावर रोजच मंगळवार! कापा!"

त्यांनी कापली. घोरपड्यांनी गुडघ्यांवर बसून कापली. रेवतीची आधीच कापलेली होती. तिघांनी तीन दुधींवर बोटांची गुळगुळीत टोकं टेकवली. रखवालदार हुंगत राहिला. सबनीस हळूहळू खाली घसरले, पण बोट त्यांनी सोडलं नाही.

"कीड नव्हे," रखवालदार म्हणाला आणि हवा परत आली.

त्या दिवसापासून वसाहतीत कोणी नखं वाढवली नाहीत. वेली शांत झाल्या, नवे दुधी धरले, टवटवीत, तुकतुकीत. रेवती पहिला दुधी तोडायला गेली. तिने कात्री देठाला लावली, जरासा दाब दिला.

दाराची कडी खट्‌कन वाजली.

कात्री हळूच मागे घेत ती म्हणाली, "काही नाही, बघत होते."

ठराव दुरुस्त करायची सोय सबनीसांनी ठरावात ठेवलेली नाही. त्यामुळे हल्ली सभासद मांडवाखाली पिशव्या पसरून बसतात आणि दुधी आपण होऊन गळायची वाट बघतात. तो गळतो तेव्हा इतका जून झालेला असतो, की नख लावून बघायचं कारणच उरत नाही.