आपोआपवर ठेवलेला रिले

गुरुवार म्हणजे चाकणमधल्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी. मी मुद्दाम तोच दिवस निवडला, कारण मला तिथं कुणाला तोंड दाखवायचं नव्हतं. काम अर्ध्या तासाचं होतं. फाउंड्रीतल्या बंद पडलेल्या पॅनेलमधून एक रिले काढायचा, पिशवीत घालायचा आणि दुसऱ्या दिवशी राजगुरुनगरच्या कोर्टात हजर करायचा. पॅनेल मीच बनवलेलं, रिलेही मीच निवडलेला. साक्षही माझीच होती.

रिले म्हणजे मुठीएवढी डबी. मोटर अडकली, जास्त करंट ओढायला लागली, की रिले तिचा पुरवठा तोडतो आणि पॅनेलच्या दारावरचा लाल दिवा लागतो. पुढे काय, ते एका बारीक खटक्यावर ठरतं. खटका ‘हाता’वर असेल तर माणसानं येऊन बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. ‘आपोआप’वर असेल तर मोटर गार झाली की रिले स्वतःच पुन्हा जोडून देतो. शेतातल्या पंपाला ते ठीक आहे, तिथं बटण दाबायला कोण बसलेलं असतं? पण हा वाळू कालवायचा मिक्सर होता, माणूस आत उतरून उभा राहील एवढा. मॅनेजरची तक्रार होती की सारखं कुणालातरी बटणाकडे पळावं लागतं, काम थांबतं. मी खटका ‘आपोआप’वर केला. वर ऐटीत म्हणालो, आता बटणाकडे पळायची वेळ येणार नाही तुमच्यावर. फारच शहाणा मी.

जानेवारीत मिक्सर वाळूनं जाम झाला आणि रिलेनं मोटर तोडली. साहेबराव नावाचा जुना फिटर फावडं घेऊन आत उतरला. आतून त्यानं ऑपरेटरला, रविराजला विचारलं, बंद आहे ना? लाल दिवा बघून रविराज म्हणाला, बंद आहे. आमच्या धंद्यात सगळे असंच धरून चालतात, ट्रिप झालं म्हणजे बंद झालं. मेन स्विच कुणी खाली ओढला नाही. बारा मिनिटांनी मोटर गार झाली. त्या पॅनेलमध्ये सॉफ्ट स्टार्टर होता, त्यामुळे मोटर झटका न देता हळूहळू वेग घ्यायची. झटका बसला असता तर साहेबराव उडी मारून बाहेर आला असता, जिवंत राहिला असता, असं मला अजून वाटतं.

मला बोलावलं तेव्हा पोलीस यायचे होते. मी पॅनेल उघडलं आणि स्क्रूड्रायव्हरनं खटका ‘हाता’वर सरकवला. दोन सेकंदांचं काम. मग साहजिकच प्रश्न आला, बटण कुणी दाबलं? पॅनेलजवळ एकटा रविराज होता. त्याची नोकरी गेली, महिनाभर कोठडीत राहिला, खटला उभा राहिला. परभणीहून पोटासाठी आलेला पोरगा, घरी बायको वर्षाली आणि कडेवरचं मूल. पोलिसांना मी सांगितलं होतं की हा रिले हातानंच रिसेट होतो. उद्या तेच शपथेवर सांगायचं होतं. सांगितलं की रविराज आत जाणार, आणि मी सुटणार.

गेटवर उद्धवराव वॉचमन होते. त्यांनी किल्ली दिली, पण सोबत यायला तयार झाले नाहीत. हळूच म्हणाले, “साहेब, जेवणाच्या सुट्टीनंतर थांबू नका तिकडं.” का, म्हणून विचारलं तर रजिस्टर उघडून त्यात बघत बसले.

दुपारचे दोन वाजले होते. पत्र्याच्या भोकांमधून उन्हाच्या काड्या खाली उतरल्या होत्या. बाहेर हायवेवर कंटेनर धावत होते, पण शेडमध्ये त्यांचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटत होता. सगळीकडे काळी वाळू आणि जळका वास. पॅनेलची केबल आठ महिन्यांपूर्वीच काढून नेली होती, तोडलेली टोकं टेपनं गुंडाळलेली होती. तरी सवयीनं मी टेस्टर लावला. कुठंच वीज नव्हती.

मी रिलेला हात लावला आणि मागे घेतला. तो गरम होता.

त्याच्या छोट्या पडद्यावर आकडा होता, ९१. मोटर किती तापली आहे ते हा रिले दाखवतो. मोटर आठ महिने थंड पडलेली, रिलेला वीज नाही, आणि आकडा होता. मी बघत असतानाच तो ९० झाला. मग ८९. साठावर आला की तो जोडून देतो, हे मीच ठरवून दिलं होतं. खटका बघितला. तो ‘आपोआप’वर होता.

मी स्क्रूड्रायव्हर घेतला, खटका ‘हाता’वर सरकवला. स्क्रूड्रायव्हर उचलला आणि खटका परत सरकला, सावकाश. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आकडा ७४.

तेवढ्यात मिक्सरमधून आवाज आला. खर्र... खर्र... फावड्यानं लोखंडावरची वाळू खरवडल्याचा. काम करणाऱ्या माणसाचा निवांत आवाज, मध्येच दम खायला थांबणारा.

मेन स्विच ओढावा म्हटलं तर तो खालीच होता. तोडायला काही उरलंच नव्हतं. आकडा ६६.

फावडं थांबलं.

“बंद हाय ना?...”

शिडीवर चढून आत बघायची माझी हिंमत झाली नाही. हो म्हणायचं तोंडावर आलं होतं, इतके महिने तेच तर सांगत होतो मी सगळ्यांना. आकडा ६३ झाला. ६२.

“नाही...” माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. “बंद नाहीये, साहेबराव. मीच तसं ठेवलंय. बाहेर या... लवकर या.”

शिडीच्या पायऱ्या वाजल्या. एक, दोन, तीन. माझ्या अंगावरून जळक्या वाळूचा वास गेला आणि दाराकडे निघून गेला. मागे मिक्सर फिरायला लागला होता. झटका नाही, आवाज नाही. रिकामाच, हळूहळू.

रिले मी कसा काढला ते आठवत नाही. रात्रभर झोप लागली नाही. शुक्रवारी कोर्टात वकिलांनी विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. खटका कुठं होता, कुणी फिरवला, का फिरवला. रविराज मान खाली घालून रडायला लागला. माझ्यावर गुन्हा नोंदवायचं ठरलं आणि मला लाजेबरोबरच खूप हलकंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

बाहेर व्हरांड्यात साहेबरावची बायको कस्तुरा उभी होती. आठ महिन्यांत मी तिच्यासमोर गेलो नव्हतो. मी हात जोडले. ती रागावलेली दिसत नव्हती.

“काल दुपारी घरी आले ते,” ती म्हणाली. “मोरीत हातपाय धुतले. ताट वाढलं मी, पर जेवले न्हाईत.”

मी जोडलेले हात खाली घेतले.

“तुमी आज कोर्टात बोललात. पर त्यांनी मला ते समदं कालच सांगितलं, तुमच्या नावानिशी. घर इचारत होते तुमचं. मला कुठं ठावं?” ती जरा जवळ आली. “कुठं ऱ्हाता तुमी?”

खोटं सांगता आलं असतं. पण तिच्यापुढे आणखी एक खोटं बोलायची ताकद माझ्यात नव्हती. पिंपळे गुरव, दत्तकृपा सोसायटी, दुसरा मजला, पाचवं दार, मी सांगितलं. तिनं ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून ते पाठ करून घेतलं आणि पिशवी उचलून एसटी स्टँडकडे निघाली.