ऐनवेळचा विषय

आमची पहिली भेट पंपाच्या खोलीत झाली. आत घोट्यापर्यंत पाणी साचलेलं, दिवा गेलेला, आणि मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून भिंत चाचपत होते. तेवढ्यात मागून लख्ख उजेड पडला. वळून बघते तर दारात एक उंच माणूस, कपाळावर छोटा दिवा बांधलेला.

"तिसऱ्या मजल्यावर नवीन आलोय," तो म्हणाला. "दातांचा डॉक्टर आहे. नळाला पाणी नाही, म्हटलं कुणावर तरी ओरडून यावं."

"समितीची सचिव मीच. ओरडा. पण आधी उजेड इकडे धरा."

तो ओरडला नाही. पंप सुरू होईपर्यंत नुसता उभा राहिला, आणि उजेड पंपावर कमी, माझ्यावरच जास्त पडत होता... हे मी तेव्हाच टिपलं होतं. इमारतीच्या समितीत एक जागा रिकामी होती. पुढच्याच सभेत मी त्याला तिथे बसवलं. कामाला माणूस हवा, असं सगळ्यांना सांगितलं.

मग वर्षभर आम्ही गच्चीच्या गळतीवरून भांडलो, जिन्यातल्या सायकलींवरून भांडलो. सभेचे सगळे नियम त्याला मीच शिकवले. हा दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावतो, पण स्वतःचं उघडायची वेळ आली की याची दातखीळ बसते. जिन्यात भेटला की "कशा आहात?" म्हणायचा, आणि मग — मग नुसता घसा खाकरायचा. आणि मी मेली त्या खाकरण्यापुढच्या वाक्याची वाट बघत पायरीवर रेंगाळायची.

अशात मला परदेशातली नोकरी मिळाली. मी पुलांचे आराखडे काढते. तिकडे नदीवर मोठा पूल व्हायचा होता, दोन वर्षांचं काम. आई आनंदाने रडली, आत्याने लोकरीच्या मोज्यांचा ढीग आणून ठेवला. आणि मी? पायाला भिंगरी लागल्यासारखी घरभर फिरत होते. बॅग भरायची, पुन्हा उपसायची. हवी होती तीच नोकरी मिळाली होती, पण जीव थाऱ्यावर नव्हता.

त्यात सचिवपद सोडायचं होतं. आमच्याकडे राजीनामा नुसता देऊन भागत नाही; सभेने तो मंजूर करावा लागतो, आणि सभेच्या कोरमला पाच माणसं लागतात. सात सदस्यांतले दोघं कधीच फिरकत नाहीत. उरलो आम्ही बरोब्बर पाच. पहिल्या सभेला दंतवैद्य आला नाही. दुसऱ्या सभेलाही नाही, तिसऱ्यालाही नाही. दर वेळी अध्यक्षकाका चष्मा पुसत घड्याळाकडे बघायचे, आणि मी सगळ्यांना घरी पाठवून द्यायची.

चौथ्या सभेच्या संध्याकाळी विमान परवावर आलं होतं. वारा सुटला होता, कुठलं तरी दार सारखं आपटत होतं. खाली आले तर हा आवारातल्या बाकावर बसलेला! म्हणजे दर वेळी इथेच असायचा तर. माझं डोकं फिरलं.

"दवाखान्यात गर्दी होती म्हणे?"

"नव्हती."

"मग सभेला यायला काय होतं?"

"मी आलो की पाच होतात," तो खाली बघत म्हणाला. "आणि मग... तुम्ही जाता."

वर्षभर वाट पाहिली ती याचीच. पण विरघळायचं सोडून मी चिडले. "म्हणून कोरम मोडायचा? थांबा म्हणायची हिंमत नाही, आणि—"

"थांबा म्हणायचंच नाहीये मला. जा तुम्ही. तो पूल तुमचा आहे." त्याने घसा खाकरला, आणि या वेळी पुढे बोलला. "पण एक विचारू? कोरम भरला नाही तर तीच सभा अर्ध्या तासाने पुन्हा घेता येते. तेव्हा कितीही माणसं चालतात. तुम्हीच शिकवलंत. मग तिन्ही वेळा सगळ्यांना घरी का पाठवलंत?"

नियम मला तोंडपाठ होता. अर्धा तास थांबले असते तर सुटले असते, आणि मला सुटायचं नव्हतं. इतकं साधं होतं ते, आणि त्याला ते कळलं होतं.

"चला," मी कशीबशी म्हणाले. "उशीर होतोय."

सभा भरली. खजिनदारकाकूंनी माझ्या राजीनाम्याचा विषय मांडला. अनुमोदनाला हात वर केला तो त्याने. राजीनामा मंजूर झाला.

मग अध्यक्षकाकांनी नेहमीसारखं विचारलं, "ऐनवेळचे काही विषय?"

तो उभा राहिला. "एक आहे. मला या आवडतात. पंपाच्या खोलीपासून. त्या जाऊन येईपर्यंत मी वाट बघणार आहे. सभेची हरकत नसावी."

काकूंचा कप बशीत खणकन वाजला. काकांनी चष्मा काढून सावकाश पुसला.

"विषय खाजगी आहे, पण मांडलाय रीतसर," ते म्हणाले. "अनुमोदक?"

कुणीच हललं नाही. तो टेबलाकडे बघत उभाच होता, कान लाल झालेले.

"काका, मी तर आता समितीत नाही..." मी म्हणाले.

"राजीनामा सभा संपल्यावर लागू होतो," काका म्हणाले. "आणि सभा मी अजून संपवलेली नाही."

मी हात वर केला. आणि काका सभा संपली असं म्हणेपर्यंत तो खाली घेतलाच नाही.