मुक्या पेटीतली घाण

"ताई, तुम्ही वाढू नका हो! त्या हातांचा वास ताटात उतरतो... घास जात नाही माझ्या घशाखाली!"

भावजयीने भांडं हिसकावून घेतलं आणि ताईचे दोन्ही हात तसेच अधांतरी राहिले. काळवंडलेली नखं, भेगाळलेली बोटं, आणि कितीही घासलं तरी न जाणारा रॉकेलचा, अमोनियाचा तो उग्र दर्प! भावजयीला किळस यावी यात नवल नव्हतं. ताईला स्वतःलाच ती रोज येई. पण समोर बसलेला धाकटा भाऊ... तो मान खाली घालून जेवत राहिला.

ताई न जेवताच जिना उतरून खालच्या, जुनी वाद्यं दुरुस्त करण्याच्या घरच्या कारखान्यात आली.

टेबलावर एक जुनी वाद्यपेटी उघडी पडली होती. किल्ली दिली की आतला पितळी रूळ फिरावा, त्यावरच्या टाचण्यांनी पोलादी फणीचे दात छेडावेत आणि सूर झरावेत, अशी. पण ही मुकी झाली होती. आत उंदरांनी घर केलं होतं... लेंड्या, केसांचे पुंजके, वाळून कातडं झालेलं एक पिल्लू, आणि चाकाचाकांत साकळलेलं कुजकट तेल!

"तुला सूर लावायचेत, तू बोटं जप. घाण मी काढते," वडील गेल्यावर तीच भावाला म्हणाली होती. हातमोज्यांतून बारीक स्क्रू जाणवत नाहीत, म्हणून उघड्या हातांनी काढत आली. त्याच हातांकडे पाहून तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं, तेव्हाही भाऊ असाच गप्प होता... आणि आज त्या मेल्या पिल्लापेक्षा तिला त्याचीच शिसारी आली!

मागे पावलं वाजली. भावजय आली होती.

"ताई, मी जरा जास्तच बोलले, पण..." तिची नजर पेटीत गेली. नाकात तो कुबट भपकारा शिरला आणि ती कोपऱ्यातल्या मोरीवर भडाभडा ओकली.

ताई धावली. एका हाताने तिने भावजयीचं कपाळ धरलं, दुसरा पाठीवरून फिरवत राहिली. तेच हात, तोच दर्प... पण भावजयीने ते झिडकारले नाहीत, उलट घट्ट धरून ठेवले.

"हे... हे तुम्ही रोज करता?"

"मग कोण करणार?"

"हे तर म्हणायचे, ताईंना आवडच आहे त्याची! सांगूनही ऐकत नाहीत!"

"आवड?" ताई हसली, आणि हसता हसता तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. भाऊ दारात येऊन उभा होता.

"तुला किळस आली, तू तोंडावर बोललीस. त्याचं मला काही नाही गं! पण हा... हा माझ्या पाठचा!"

"चुकलो, ताई," तो आत आला. "लाज वाटायची मला... तुझी नाही गं, माझीच!" आणि बाह्या सरसावत तो सुटी चाकं भिजत घातलेल्या रॉकेलच्या घमेल्यापाशी बसला.

'अरे नको, तुझी बोटं...' शब्द सवयीने तिच्या ओठांवर आले. तिने ते गिळले आणि बाजूला सरकली.

भावाने घमेल्यात हात बुडवला, चिकट काळं चाक बाहेर काढलं आणि तोंड फिरवलं.

"शी!"

"चाकाच्या दातांत राहिलंय अजून," मनगटाने डोळे पुसत ताई म्हणाली. "नीट घास."