पारव्याला दार लगेच

दिवे गेलेच आहेत, तर ऐका. मध्येच कुणी उठायचं नाही. उठलात तर एकट्यानं घरी जावं लागेल, आणि सोडायला मी येणार नाही.

माझ्या ओळखीतला एक वायरमन. हाताला सफाई, तोंडात गोडवा, पण पोटात एकच दुखणं: चुलत बहीण. का, तर ती आजोबांची लाडकी.

आजोबांनी तरुणपणी लढाईत पहारा दिलेला. लढाई संपली, पहारा काही संपला नाही. अंधार पडल्यावर त्यांचं दार वाजवलं की आतून "कोण?" आणि परवलीचा शब्द सांगितल्याशिवाय कडी निघायची नाही. प्रत्येक नातवंडाचा शब्द वेगळा. बहिणीचा 'पारवा'. आणि याचा? 'बोका'! पारव्याला दार खटकन उघडायचं. बोक्याला मात्र, "कुठला बोका? कुठून आलास? मोठ्यानं बोल!"

"थोरला नातू मी," चाळिशी उलटली तरी तो धुमसायचा, "आणि दारात तिष्ठायचं मीच!"

आजोबा गेले. त्यांचा लष्करी ओव्हरकोट बहिणीला द्यायचं घरात ठरलं. शेवटी त्यांचं सगळं तिनंच केलं होतं. तिचा फोन आला, "दादा, उद्या सकाळी येते मी. घराची वीज परत सुरू करायचीय, तेवढं वायरिंग बघून ठेव ना."

जानेवारीतला दुसरा शनिवार. दिवसाचं काम हा रात्री पावणेबाराला करायला निघाला. वायरिंग गेलं खड्ड्यात. ती यायच्या आत कोटाची खुंटी रिकामी करायची होती.

कुलूप निघालं. दार हललं नाही.

आतून कडी होती.

घर महिनाभर बंद. आत कुणी नव्हतं. तरी हात सवयीनं दारावर गेला. टकटक.

"कोण?"

तोच आवाज...

पळायला हवं होतं, कबूल. पण मत्सर भीतीपेक्षा चिवट असतो, पोरांनो. गळ्याशी आलेला 'बोका' त्यानं गिळला. आज तिष्ठायचं नाही.

"पारवा," तो म्हणाला.

खटकन कडी निघाली.

"आलीस बाळा? ये."

आत मिट्ट काळोख. खांद्यांवर काहीतरी जड, खरबरीत पडलं. कोट. मागून एका हातानं कॉलर सारखी केली. इतकी अलगद, की त्याला हुंदका आला. हे सगळं तिला मिळत होतं. इतकी वर्षं...

"पांघर जरा, थंडी आहे. पण नेऊ नकोस हं. तो बोक्याचा आहे."

...

"तुला अंधाराची भीती, म्हणून तुला पटकन आत घ्यायचो. तो धीट. त्याला मुद्दाम उभा करायचो. तेवढेच चार शब्द जास्त बोलायचा. एरवी कुठं बोलतो माझ्याशी?"

...

"आज आला नाही का गं तो?"

त्यानं तोंड उघडलं. बोका. दोनच अक्षरं. ओठ हलले... आवाज नाही. पुन्हा हलले...

"असू दे. वाट बघू."

खांदे हलके झाले. तो उंबऱ्याबाहेर होता. आतून कडी सरकली.

मग फुटला आवाज. पहाटेपर्यंत तो दार बडवत होता. "बोका! आजोबा, बोका आलाय!"

आतून काही नाही.

सकाळी बहीण आली. त्याचे सुजलेले हात बघून घाबरली. तिनं दाराला नुसतं बोट लावलं, दार उघडलं. कोट खुंटीवर. वीज तोडलेली. गॅसचा सिलिंडर आजोबा गेले तेव्हाच काकांनी नेलेला.

"दादा," ती हळूच म्हणाली, "आत कोण होतं रे?"

टेबलावर दोन पेले होते. एक रिकामा. दुसऱ्यावर बशी झाकलेली. तिनं बशी उचलली.

दुधातून वाफ निघत होती.